पितृऋण फेडायचे ते हयातीतच

भाद्रपदाचा कृष्णपक्ष आला की घरोघरी पितरांचे स्मरण होते. तिथी पाहून श्राद्ध केले जाते, गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ रांधले जातात, आणि कावळ्याने पान शिवावे म्हणून गच्चीवर हात जोडून उभी राहणारी माणसे मुंबई-पुण्यातही दिसतात. पंढरीचा विठ्ठल विटेवर उभा आहे तो आई-बापांच्या सेवेत गढलेल्या एका पुत्राची वाट पाहत, अशी आपली श्रद्धा आहे. महाराष्ट्र शासनाला निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेसाठी नाव सुचले तेही श्रावणबाळाचेच. माता-पित्यांना इतक्या उंच आसनावर बसविणारी दुसरी संस्कृती शोधावी लागेल.

याच महाराष्ट्रात २०२० साली लातूर जिल्हा परिषदेला एक ठराव करावा लागला. जे कर्मचारी आपल्या आई-वडिलांचा सांभाळ करणार नाहीत, त्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती थेट आई-वडिलांच्या खात्यात जमा करावी, असा तो ठराव होता. पुढे प्रत्यक्ष कपात झाली, तेव्हा त्या यादीत शिक्षकही होते. म्हणजे वर्गात मुलांना श्रावणबाळाची गोष्ट सांगणारे हात घरच्या म्हाताऱ्यांना दोन घास घालताना आखडत होते. आसाम राज्याने तर २०१७ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांसाठी अशाच आशयाचा कायदा केला. ज्या समाजाला आपल्या संस्कारांचा अभिमान आहे, त्या समाजात पगारातून कापून मातृभक्ती वसूल करण्याची पाळी का यावी, याचा विचार आपण करणार की नाही?

हा प्रश्न टाळण्याची एक सोपी वाट आपल्याकडे रूढ आहे. वृद्धांची हेळसांड ही पाश्चात्त्यांची व्यथा आहे, तिकडे अठरा वर्षांचा मुलगा घर सोडतो, तिकडे वृद्धाश्रम असतात. आपली कुटुंबसंस्था अजून भक्कम आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. कुटुंबसंस्था हे आपले बलस्थान आहे यात शंका नाही. परंतु बलस्थानाची नित्य देखभाल करावी लागते, डागडुजी करावी लागते. किल्ला अजिंक्य आहे असे म्हणत तटाला पडलेल्या भेगांकडे जे पाहत नाहीत, त्यांचा किल्ला शत्रूवाचूनही ढासळतो.

आकडा लहान, मौन मोठे

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. २०३१ मध्ये ती १९ कोटींच्या पुढे जाईल, असा शासकीय अंदाज आहे. महाराष्ट्राचे वय देशाच्या सरासरीपेक्षा अधिक आहे. २०११ मध्येच येथे शंभरातले जवळजवळ दहा जण साठीपुढचे होते. केंद्र शासनाने २०१७-१८ मध्ये वार्धक्याविषयी जी विस्तृत राष्ट्रीय पाहणी करविली, तिच्यात साठी ओलांडलेल्या सुमारे ३१ हजार स्त्री-पुरुषांशी बोलणे झाले. मागील वर्षभरात आपल्याला दुर्व्यवहार सोसावा लागला, असे त्यांपैकी सुमारे पाच टक्क्यांनी सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात हे प्रमाण दर सहा वृद्धांमागे एक, म्हणजे तिपटीहून अधिक आहे.

या तफावतीवरून आपली पाठ थोपटून घेण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. पाहणी करणारा घरी येतो तेव्हा ज्याच्याविषयी सांगायचे, तोच मुलगा बहुधा शेजारच्या खोलीत असतो. आपल्याच पोटच्या पोराविषयी परक्यापुढे तोंड उघडायचे कसे? आपलेच दात आणि आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण वृद्धांनी जितकी निष्ठेने पाळली तितकी दुसऱ्या कोणी पाळली नसेल. ज्या घराची अब्रू जपण्यात सारी हयात गेली, ती अब्रू अखेरच्या काळात आपणच चव्हाट्यावर कशी मांडायची, या संकोचापायी कित्येक माता उपाशी पोटी ‘आमचं सगळं छान आहे’ असे पाहुण्यांना हसून सांगत असतात. शिवाय भीतीही असते. आज बोललो आणि उद्या याच घरात राहायचे आहे. औषधाची गोळी याच हाताने मिळायची आहे. म्हणून तो पाच टक्क्यांचा आकडा घरांच्या सौख्याचे प्रमाणपत्र मानू नये. धाडस करून बोललेल्यांची ती मोजदाद आहे.

छळ म्हटला की मारहाण डोळ्यांपुढे येते. ती होतेच, पण तिच्याहून अधिक घरांत जे चालते त्याला आपण छळ हे नावच देत नाही. चष्म्याची काच फुटून महिने लोटतात आणि ती बदलली जात नाही. कानाचे यंत्र खर्चिक म्हणून घेतले जात नाही, आणि मग ऐकू येत नाही म्हणून खेकसले जाते. रात्री लघवीला उठावे लागते म्हणून संध्याकाळनंतर पाणी दिले जात नाही. रक्तदाबाची गोळी संपली तर ‘आणू उद्या’ होते. पाहुणे आले की आजोबांना आतल्या खोलीत बसविले जाते. मोबाइल काढून घेतला जातो, म्हणजे लेकीला वा भावाला दूरध्वनी करण्याची वाट बंद होते. निवृत्तिवेतनाचे पासबुक आणि एटीएम कार्ड मुलाच्या खिशात असते आणि स्वतःच्याच पैशातून देवाला नारळ आणायला हात पसरावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्यांना कूस बदलून दिली जात नाही आणि पाठीला जखमा पडतात. यातले काहीही पोलिसांच्या डायरीत येत नाही. ज्याच्याशी दिवसभरात कोणी एक वाक्य बोलत नाही, त्याचे दुःख तर कोणत्याच कलमात बसत नाही.

दोषी कोण?

हेल्पएज इंडिया ही संस्था वर्षानुवर्षे वृद्धांशी बोलून पाहण्या करीत आली आहे. त्यांत छळ करणारे म्हणून मुलगा आणि सून यांचीच नावे अग्रक्रमाने येतात. चोर-दरोडेखोरांपासून वृद्धांना वाचविण्यासाठी दाराला साखळी आणि दुहेरी कुलपे लावता येतात. दाराच्या आत जे घडते त्यावर कोणते कुलूप लावावे?

तथापि सरसकट साऱ्या सुनांना आणि मुलांना खलनायक ठरविणे हेही सत्याला धरून होणार नाही. निष्ठुरपणा आणि थकवा यांत भेद केला पाहिजे. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंशाने ग्रासले असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ज्या घरात सासूबाई रात्रीतून पाच वेळा उठून ‘मला माझ्या घरी जायचं आहे’ म्हणत दार उघडतात, ज्या घरात स्वयंपाक, नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि अंथरुणातील शुश्रूषा हे सारे एकाच बाईच्या माथी आहे, तिथे एखाद्या रात्री तिचा तोल सुटतो. तो सुटणे समर्थनीय नाही. पण तो सुटू नये म्हणून त्या घरातील पुरुषाने काय केले, दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या दिराने काय केले, हेही विचारले पाहिजे. आई-वडील मुलाचे आणि सेवा मात्र सुनेची, ही वाटणी कोणत्या धर्मशास्त्राने सांगितली? श्रावणबाळाने कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.

लेकीचे कर्तव्यही तिच्या लग्नाबरोबर संपत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आणि दुर्बल माता-पित्यांच्या पोषणाची जबाबदारी मुलगा व मुलगी असा भेद न करता दोघांवरही टाकली. १९८७ साली तर महाराष्ट्रातील एका पित्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की मिळवत्या विवाहित कन्येलाही पित्याचा निर्वाह करणे बंधनकारक आहे. माहेरच्या मालमत्तेत समान वाटा मागणाऱ्या पिढीने माहेरच्या कर्तव्यातही समान वाटा उचलला, तर अनेक वृद्धांचे जिणे सुसह्य होईल.

काही उपेक्षा परिस्थितीतून उपजते. मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. पाच-सहा महिने गावात उरतात ती म्हातारी माणसे, आणि पुष्कळदा त्यांच्याच गळ्यात पडलेली नातवंडे. दुसऱ्या टोकाला, मुलगा अमेरिकेत स्थायिक झालेला आणि आई-वडील घरात एकटे, हे चित्र जयवंत दळवींनी ‘संध्याछाया’ नाटकात कधीच रंगविले. तेव्हा ते मोजक्या घरांचे होते. आज ते कोथरूड, डोंबिवली, नाशिक येथील गल्लोगल्लीचे आहे. या दोन्ही ठिकाणी मुलांच्या मनात दुष्टावा नसतो. पण भुकेला आणि एकटेपणाला हेतू कळत नाही.

सातबारा आणि सदनिका

मराठी माणसाने ‘नटसम्राट’ पाहून डोळे पुसले त्याला अर्धशतक उलटून गेले. वि. वा. शिरवाडकरांचे अप्पासाहेब बेलवलकर मुलांच्या दारी उपरे ठरतात, हे सर्वांच्या लक्षात राहिले. त्या शोकांतिकेचा आरंभ कुठे होतो, हे मात्र सोयीस्करपणे विसरले गेले. अप्पासाहेबांनी जे होते ते आपल्या हाताने मुलांना देऊन टाकले, तिथे तो आरंभ आहे. प्रेमापोटी दिले, विश्वासाने दिले, आणि स्वतःपाशी काही ठेवले नाही.

हा प्रसंग आज दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रोज घडतो. शहरांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला आणि ज्या दोन खोल्यांना कोणी विचारत नव्हते त्यांचे मोल कोटीत गेले. गावाकडे महामार्ग आला आणि माळरानाचा सातबारा सोन्याचा झाला. त्यात महाराष्ट्राने २०१५ मध्ये निवासी घर वा शेतजमीन मुलांना, नातवंडांना बक्षीस देण्यावरील मुद्रांक शुल्क अवघ्या २०० रुपयांवर आणले. कुटुंबातील हस्तांतर सुलभ व्हावे हा शासनाचा हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे ‘बाबा, एवढी सही करा, नंतर मृत्युपत्राची भानगड नको’ असे म्हणणेही स्वस्त झाले. मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतील भेद अनेक सुशिक्षित वृद्धांनाही ठाऊक नसतो. मृत्युपत्र अखेरच्या श्वासापर्यंत बदलता येते. बक्षीसपत्र नोंदले गेले की मालकी गेली, आणि मालक त्या घरातला आश्रित झाला.

ही फसगत ओळखूनच संसदेने २००७ मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा केला, तेव्हा त्यात २३ वे कलम घातले. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने झाले असे मानून रद्द करता येते. मात्र २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सांभाळाची अट होती हे दिसले पाहिजे; केवळ नात्यावरून ती गृहीत धरता येणार नाही. त्यानंतर २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताकडे झुकून लावला आणि मुलाला दिलेली मालमत्ता तिला परत मिळवून दिली. त्या मातेपाशी मुलाच्या सांभाळाच्या वचनाचा लेख होता, हे येथे विसरू नये.

यातून घ्यायचा बोध साधा आहे. हयातीत घर मुलांच्या नावे करू नये, मृत्युपत्र करावे. करावेच लागले तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट आणि तहहयात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा. बँकेतले खाते स्वतःच्या ताब्यात ठेवावे. न वाचता, न समजता कोणत्याही कागदावर सही अथवा अंगठा करू नये. यात मुलांवर अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही. चांगल्या मुलाला या अटीचा जाच होत नाही, आणि ज्याला होतो त्याच्यासाठीच ती अट आहे.

कायद्याने घर मोडते काय?

आपल्याच मंडळींत एक आक्षेप वारंवार ऐकू येतो. आई आणि मुलाच्या मध्ये सरकारने कशाला यावे? अशाने घरे मोडतील; ही कायदेबाजी म्हणजे पाश्चात्त्य व्यक्तिवादाचे अनुकरण होय. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही आपल्याच परंपरेतून दिले पाहिजे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभीच, जनपदाच्या वसाहतीची चर्चा करताना हा विषय आला आहे. सामर्थ्य असूनही जो आपली मुले, पत्नी, माता-पिता, अज्ञान भावंडे आणि विधवा बहिणी यांचे पोषण करीत नाही, त्याला आचार्यांनी बारा पणांचा दंड सांगितला आहे. धर्मभ्रष्ट झालेल्यांना या पोषणातून वगळण्याची मुभा आहे; पण तेथेही अपवाद आहे तो मातेचा. माता पतित असली तरी तिला सांभाळलेच पाहिजे. इतकेच नव्हे, तर बायका-मुलांची सोय न लावता जो संन्यास घेईल, त्यालाही कौटिल्य दंड करतो. म्हणजे गृहस्थाचे कर्तव्य हा केवळ त्याच्या खासगी भावनेचा विषय आहे, असे आपल्या राज्यशास्त्राने मानले नव्हते. धर्माच्या पाठीशी दंड उभा असला पाहिजे, हा विचार अस्सल भारतीय आहे. २००७ च्या कायद्याने तोच पुन्हा मांडला.

पुंडलिकाची कथाही आपण अर्धीच सांगतो. पारंपरिक आख्यानानुसार हाच पुंडलिक आरंभी आई-वडिलांना छळणारा होता. काशीयात्रेला निघताना त्याने स्वतःची आणि पत्नीची सोय पाहिली आणि म्हाताऱ्यांना पायी चालविले. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, आणि पुढे असा पालटला की साक्षात परब्रह्माला त्याने विटेवर तिष्ठत ठेवले. आपल्या पूर्वजांनी या महान भक्ताचा पूर्वार्ध लपविला नाही. घरात छळ होऊ शकतो हे त्यांनी मान्य केले, आणि छळणारा सुधारू शकतो हेही दाखविले. आज घरात काही घडतच नाही असे भासविण्याचा जो अट्टहास चालतो, तो परंपरेला धरून नाही.

कायद्याची रीतही फारशी अवघड नाही. साठी ओलांडलेल्या आणि स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह न करू शकणाऱ्या कोणालाही उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्या न्यायाधिकरणाकडे, साधा अर्ज करता येतो. सज्ञान मुले, मुली आणि नातवंडे यांच्यावर जबाबदारी येते. अपत्य नसेल तर जो वारस मालमत्ता उपभोगतो आहे वा पुढे घेणार आहे, त्याच्यावर येते. वृद्ध स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा, असे कायदा म्हणतो. जाणूनबुजून टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या मातेला घरात मारहाण होते, तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचाही आधार आहे. हा कायदा सुनांसाठीच आहे हा गैरसमज आहे.

कायदा परिपूर्ण मात्र नाही. निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये ठरली ती २००७ मध्ये. त्यानंतर औषधे, इस्पितळे आणि परिचारिका यांचे दर कुठल्या कुठे गेले. ही मर्यादा काढून टाकणारे, जावई आणि सून यांनाही जबाबदार धरणारे आणि वृद्धांच्या छळाची व्याख्या करणारे सुधारणा विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते १७ व्या लोकसभेच्या मुदतीबरोबरच बारगळले. ते नव्याने आणून संमत करावे, ही मागणी राष्ट्रीय विचारांच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचे निवासस्थान असावे, ही कायद्यातील अपेक्षाही कागदावरून जमिनीवर उतरली पाहिजे. दुसऱ्या बाजूने, सुनेला घराबाहेर काढण्यासाठी सासू-सासऱ्यांना पुढे करून या कायद्याचा गैरवापर होऊ नये, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घेतली आहे. एका दुर्बलाचे रक्षण करताना दुसऱ्या दुर्बलावर अन्याय होता कामा नये.

शेजारधर्म आणि संघटन

कायदा शेवटी दाराशी येऊन थांबतो. दाराच्या आत जाऊ शकतो तो शेजारी, नातलग आणि समाज. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने जे पंच परिवर्तनाचे सूत्र मांडले गेले, त्यात कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावे, एकत्र जेवावे, मोकळेपणी बोलावे, हा आग्रह त्यात आहे. त्या पंगतीत आजीचे पान मांडलेले असते काय, आणि ती बोलू लागली की बाकीचे मोबाइलमधून डोळे वर काढतात काय, यावरून त्या प्रबोधनाची परीक्षा होईल.

केंद्राने या कायद्यासाठी जे नमुना नियम तयार केले, त्यांत एक मोलाची तरतूद आहे. पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी आणि समाजसेवक वा स्वयंसेवकाला सोबत घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावी, असे ते सांगतात. किती पोलीस ठाण्यांत हे घडते, याची चौकशी आपापल्या भागात कोणीही करू शकतो. पोलिसांना मनुष्यबळ नाही ही सबब खरी असेल, तर स्वयंसेवकांची वाण आपल्याकडे नाही. दहा दिवस गणपतीच्या मांडवात रात्री जागविणारी मुले वस्तीवस्तीत आहेत. त्यांतल्या दोघांनी दर रविवारी आपल्या इमारतीतील चार एकाकी आजी-आजोबांच्या दारावर थाप मारावी, औषधे आणून द्यावीत, अर्धा तास गप्पा माराव्यात. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी सहलींबरोबर आपल्या सदस्यांतील जे अचानक येईनासे झाले त्यांच्या घरी जाण्याचा नेम ठेवावा. नेहमी येणारा माणूस एकाएकी दिसेनासा होणे ही पहिली खूण असते. अंगावरचे न सांगता येणारे वळ, मळलेले कपडे, घटलेले वजन, प्रश्न विचारल्यावर आधी मुलाकडे वळणारी नजर, या पुढच्या खुणा. त्या दिसल्या तर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून पाठ फिरवू नये. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी २०२१ पासून चालू आहे, आणि तातडीच्या प्रसंगी ११२ आहेच.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले वा स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध आहेत, त्यांना उपदेशाहून मदतीची अधिक गरज आहे. आठवड्यातून एक दुपार कोणी आजोबांजवळ बसले, तर त्या घरच्या सुनेला बाजारात वा देवळात जाऊन येता येईल. वस्तीतल्या विरंगुळा केंद्रांत दिवसा सांभाळण्याची सोय झाली, तर नोकरी करणाऱ्या मुलाची ओढाताण थांबेल. सेवाकार्याचा एवढा विस्तार उभा करणाऱ्या संस्थांनी या उपक्रमाचा विचार करावा. सेवा करणाऱ्याला विसावा मिळाला की सेवेत कडवटपणा उतरत नाही.

वृद्धाश्रमाविषयीचा आपला तिटकाराही थोडा तपासून पाहिला पाहिजे. आई-वडिलांना तिथे नेऊन टाकणे हे निंद्यच. पण ज्या वृद्धेला स्वतःच्या घरात मार खावा लागतो, तिने केवळ समाज काय म्हणेल म्हणून तेथेच कुढत राहावे, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपल्या आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थ होता. तो स्वेच्छेचा आणि सन्मानाचा होता. सन्मानाने चालविलेली निवासस्थाने उभी राहणे, आणि तेथे जाण्या-न जाण्याचा निर्णय वृद्धांच्या हाती असणे, यात कुटुंबसंस्थेचा पराभव नाही.

मनुष्य जन्माला येतो तो देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच, असे आपण मानतो. पितृऋण फेडण्याच्या मार्गांत श्राद्धाला स्थान आहे आणि ते राहावे. पण जो बाप आज आतल्या खोलीत चष्म्याची वाट पाहत बसला आहे, त्याला पुढच्या भाद्रपदातील खिरीचा काय उपयोग? या आठवड्यात त्याचा चष्मा करून आणावा. त्याचे पासबुक त्याच्या हाती द्यावे. संध्याकाळी त्याच्याजवळ बसून त्याने शंभरदा सांगितलेली गोष्ट एकशे एकाव्यांदा ऐकावी. आणि शेजारच्या घरात कोणी आजी दाराआड रडताना ऐकू आली, तर आपल्या घराचे दार लावून न घेता तिच्या दारावर थाप मारावी. हिंदू समाज संघटित आहे की नाही, याचे उत्तर त्या थापेत मिळणार आहे.